साखरेची तेवढी द्या

मिरज हे दवाखान्यांचं गाव. वॉनलेस डॉक्टरांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला इथं मिशन हॉस्पिटल उभं केलं. तेव्हापासून कर्नाटकातून, कोकणातून, पार सोलापूरकडून पेशंट रेल्वेनं इथं उतरतात आणि दवाखान्यांच्या आजूबाजूला औषधाची दुकानं वाढत जातात. आमचं त्यातलंच एक, मामंजींनी साठच्या दशकाच्या सुरुवातीला टाकलेलं. मी १९८६ मध्ये सून म्हणून आले. बी. फार्म. झालेली असल्यामुळे हळद उतरायच्या आत काउंटरवर उभी राहिले, ती अजून उभीच आहे.

चिठ्ठीवर दिलेल्या औषधांची नोंद ठेवायची ही कायद्याची सक्ती. मामंजी ती जरा जास्तच मनावर घ्यायचे. त्यांची कापडी पाठीची रजिस्टरं मी रद्दीत जाऊ दिली नाहीत. त्यातली मधुमेहाची नोंद एका ओळीची असायची: रॅस्टिनॉन, नाहीतर डायबिनीज, नाहीतर डीबीआय. आज त्याच रोगाची चिठ्ठी पाच-सहा ओळींची असते आणि त्यातल्या निम्म्या ओळींचा साखरेशी थेट संबंध नसतो. एक ब्लडप्रेशरची, एक कोलेस्टेरॉलची, कधी एक रक्त पातळ ठेवणारी. पैशाची ओढ लागली की माणूस नेमका ह्याच ओळींवर बोट ठेवतो. ‘वहिनी, ह्यातली साखरेची तेवढी द्या. बाकीचं पुढच्या महिन्यात बघू.’ मागं रांग असते, समजावून सांगायला सवड नसते. त्या ‘बाकीच्या’ ओळी चिठ्ठीत कशा आल्या आणि त्यांच्यासाठी कुठं काय भांडणं झाली, हे काउंटरवर सांगून होणारच नाही. म्हणून हे लिहिणं.

मामंजींच्या काळात मधुमेह म्हणजे लघवीतली साखर. रक्त तपासायला मोठा दवाखाना लागायचा. घरी करायची तपासणी म्हणजे बेनेडिक्टचं द्रावण, ते आम्ही बाटलीतून विकायचो. परीक्षानळीत पाच मिलि निळं द्रावण घ्यायचं, त्यात लघवीचे आठ थेंब टाकायचे आणि स्पिरिटच्या दिव्यावर उकळायचं. निळं राहिलं तर साखर नाही. हिरवं, पिवळं, नारिंगी अशी पायरी चढत विटकरी झालं की भरपूर. मी आले तेव्हाही काही जुने पेशंट हे करत होते. एक निवृत्त मास्तर तर रोजचा रंग डायरीत रंगीत पेन्सिलींनी भरून आणायचे. अडचण अशी की रक्तातली साखर साधारण १८०च्या वर गेल्याशिवाय ती लघवीत उतरतच नाही. नळी निळी आणि रक्तात साखर दीडशे-पावणेदोनशे, असं वर्षानुवर्षं चालायचं आणि माणूस निर्धास्त. पण खरा घोळ त्याहून मोठा होता. त्या नळीत ब्लडप्रेशर दिसत नाही, कोलेस्टेरॉल दिसत नाही. आणि मधुमेहाची माणसं मरत होती ती बहुतेक हृदयानं.

हे काही कुणाच्या लक्षात आलं नव्हतं असं नाही. १९२२ मध्ये टोरांटोत इन्शुलिन हाती आलं. त्याआधी मधुमेहाची माणसं, विशेषतः मुलं, बेशुद्धीत जाऊन मरायची. इन्शुलिननं ते मरण टळलं, माणसं जगू लागली आणि दहा-वीस वर्षांनी त्यांचे डोळे, मूत्रपिंडं, पायांच्या आणि हृदयाच्या रक्तवाहिन्या बिघडलेल्या दिसू लागल्या. बोस्टनच्या इलियट जॉस्लिन यांनी आपल्या दवाखान्यातल्या मृत्यूंचा हिशेब पिढ्यान्‌पिढ्या ठेवला होता. त्यात बेशुद्धीचा रकाना रिकामा होत गेला आणि हृदयाचा भरत गेला. त्यावर सगळ्यांचं म्हणणं एकच: साखर आणखी नीट ताब्यात ठेवा, म्हणजे हृदयही वाचेल. त्या काळी दुसरं काही सुचण्यासारखं नव्हतंही.

साखर ताब्यात ठेवणारी पहिली गोळी निघाली ती अपघातानं. १९४२ मध्ये फ्रान्समधल्या माँपेलिए इथं टायफॉइडसाठी एक सल्फा औषध देऊन बघत होते. काही रुग्णांची साखर धोकादायक खाली गेली. त्या धाग्यावरून पुढं टोलब्युटामाइड तयार झालं. तेच आमच्या रजिस्टरातलं रॅस्टिनॉन. सुई नको, गोळी गिळा आणि नळी निळी. लोकांना आणखी काय हवं होतं?

ह्या गोळीवरून अमेरिकेत जे महाभारत झालं ते औषधाच्या धंद्यातल्या प्रत्येकानं एकदा तरी वाचावं असं माझं मत आहे. साठच्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या बारा दवाखान्यांनी मिळून हजारभर मधुमेही निवडले आणि त्यांचे चिठ्ठ्या टाकून गट केले. कुणाला टोलब्युटामाइड, कुणाला ठरावीक इन्शुलिन, कुणाला साखरेप्रमाणे कमीजास्त होणारं इन्शुलिन, कुणाला नुसती खोटी गोळी. फेनफॉर्मिनचा, म्हणजे आमच्या डीबीआयचा, गट नंतर जोडला. बघायचं होतं ते हेच, की साखर उतरवली तर रक्तवाहिन्या वाचतात का. झालं उलटंच. टोलब्युटामाइडच्या २०४ जणांपैकी २६ हृदय-रक्तवाहिन्यांच्या विकारानं गेले. खोटी गोळी घेणाऱ्या २०५ जणांत असे मृत्यू होते १०. आणि इन्शुलिननं साखर चांगली राखलेल्यांनाही खोट्या गोळीपेक्षा काही फायदा झालेला दिसला नाही.

१९७० मध्ये हा निकाल डॉक्टरांच्या परिषदेआधीच शेअरबाजाराच्या बातम्यांतून फुटला. घाबरलेले पेशंट डॉक्टरांना फोन करू लागले आणि डॉक्टरांच्या हातात वाचायला काहीच नव्हतं. मग मधुमेहाचे नामांकित डॉक्टरच ह्या अभ्यासाविरुद्ध उभे राहिले. रुग्ण नीट निवडले नाहीत, आकडेमोड चुकली, मूळ कागद दाखवा. कागदांची मागणी करणारा दावा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९८० मध्ये फेटाळला गेला. पाकिटावर हृदयाच्या धोक्याची सूचना छापायला १९८४ उजाडलं. टोलब्युटामाइडचा दोष खरंच तेवढा होता का, ह्यावर जाणकारांत आजही एकमत नाही. मला त्यातलं महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. साखर उतरली म्हणजे हृदय वाचलं, हे समीकरण तिथं पहिल्यांदा मोडलं आणि ते कुणालाच ऐकायचं नव्हतं. फेनफॉर्मिनचं तर आणखी वाईट. रक्तात लॅक्टिक आम्ल साठून माणसं दगावतात म्हणून अमेरिकेनं ते १९७७ मध्ये बाजारातून काढलं. आपल्याकडे बंदी आली २००३ मध्ये. मधली पंचवीस-सव्वीस वर्षं ते इथल्या दुकानांतून विकलं जात होतं, आमच्यातूनही.

आता ब्लडप्रेशरची ओळ. ह्या गोष्टीत मुंबईचा वाटा मोठा आहे, पण तो फारसा कुणाला ठाऊक नसतो. सर्पगंधेची मुळी वेडावर आणि झोपेसाठी वैद्य पूर्वीपासून देत. कलकत्त्याच्या डॉक्टरांनी ती रक्तदाब उतरवते हे १९३१ मध्ये लिहिलंही होतं. पण परदेशानं दखल घेतली ती मुंबईच्या केईएम हॉस्पिटलमधल्या डॉ. रुस्तम जाल वकील यांच्या लेखाची. १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये त्यांनी सर्पगंधेच्या गोळ्या दिलेल्या आपल्या रुग्णांचा अनुभव मांडला. तीनच वर्षांनी स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीनं त्या मुळीतून रेसर्पिन वेगळं काढलं. वकिलांना १९५७ मध्ये लास्कर पुरस्कार मिळाला. तेच रेसर्पिन दुसऱ्या औषधाबरोबर ॲडेल्फेन नावाच्या गोळीत आलं आणि मामंजींच्या रजिस्टरात ॲडेल्फेन पानोपानी आहे. नाक चोंदणं, मन उदास होणं अशा तक्रारीही त्याच्याबरोबर यायच्या. पण बघण्यासारखं हे, की ॲडेल्फेन आणि रॅस्टिनॉन एकाच माणसाच्या नावावर सहसा सापडत नाही. साखरेचा पेशंट वेगळा, प्रेशरचा वेगळा. एकाच शरीरात दोन्ही असतात आणि एकमेकांना धार लावतात, हा विचार चिठ्ठीपर्यंत यायचा होता.

तो आला मॅसॅच्युसेट्समधल्या फ्रेमिंगहॅम गावातून. तिथल्या ५,२०९ माणसांची १९४८ पासून दर दोन वर्षांनी तपासणी होत होती. ब्लडप्रेशर, कोलेस्टेरॉल, सिगारेट ह्या हृदयविकाराच्या वाटा आहेत, हे तिथंच पक्कं झालं. सत्तरच्या दशकात त्याच वह्यांतून दिसलं, की मधुमेह असलेल्याला हृदय-रक्तवाहिन्यांचा धोका दुप्पट-तिप्पट असतो, आणि एरवी बायकांना जे थोडं संरक्षण असतं ते मधुमेहात जवळजवळ उरत नाही. शेवटची गोष्ट मी बायकांना आवर्जून सांगते. नवऱ्याची औषधं न चुकता नेतील आणि स्वतःची चिठ्ठी डब्याखाली ठेवून देतील.

खरा निकाल लागला १९९८ च्या सप्टेंबरात, बार्सिलोनाला. ऑक्सफर्डच्या रॉबर्ट टर्नर यांनी १९७७ पासून वीस वर्षं चालवलेला यूकेपीडीएस नावाचा अभ्यास तिथं उलगडला. ब्रिटनमधले ५,१०२ नवे मधुमेही त्यात होते. साखर कसून ताब्यात ठेवल्यानं डोळे-मूत्रपिंडांचे त्रास पाव हिश्शानं कमी झाले, हे स्पष्ट होतं. हृदयाच्या झटक्यांतली घट मात्र सोळा टक्के आणि तीही अशी काठावरची की छातीठोकपणे सांगता येईना. त्याच अभ्यासाचा दुसरा भाग ब्लडप्रेशरचा. एका गटाचं सरासरी १५४/८७ राहिलं, दुसऱ्याचं १४४/८२. फरक वरच्या आकड्यात फक्त दहाचा. तेवढ्यानं पक्षाघात ४४ टक्क्यांनी आणि मधुमेहापायी होणारे मृत्यू ३२ टक्क्यांनी घटले. शिवाय तिथं कॅप्टोप्रिल आणि ॲटेनोलॉल समोरासमोर होती. कॅप्टोप्रिल म्हणजे ब्राझीलमधल्या विषारी सापाच्या विषाचा अभ्यास करताना सुचलेलं नवं औषध, ॲटेनोलॉल म्हणजे जुनं आणि स्वस्त. दोन्ही सारखीच उतरली. दुकानदार म्हणून मला हे फार आवडलं. प्रेशर कशानं उतरवलं ह्यापेक्षा ते उतरलं का, हे आधी. टर्नर पुढच्याच वर्षी पक्षाघातानं गेले. दहा वर्षांनी त्याच रुग्णांकडे पुन्हा पाहिलं तेव्हा सुरुवातीला साखर नीट राखणाऱ्यांत हृदयाचे झटकेही कमी झालेले दिसले. म्हणजे साखरेचं फळ मिळतं, पण उशिरा. प्रेशरचं लवकर मिळतं. मला वाटतं, चिठ्ठीतल्या दुसऱ्या ओळीवर बोट ठेवणाऱ्याला एवढं एकच वाक्य सांगता आलं तरी पुरे.

तिसरी ओळ जपानची. अकिरा एन्दो हे शेतकऱ्याचे चिरंजीव, टोकियोतल्या सांक्यो कंपनीत रसायनतज्ज्ञ. कोलेस्टेरॉल तयार होणं थांबवणारं काही बुरशीत सापडतं का, म्हणून त्यांनी सहा हजारांवर बुरश्या तपासल्या. सापडलं ते क्योटोतल्या एका धान्याच्या दुकानातल्या तांदळावर आलेल्या निळसर-हिरव्या बुरशीत. त्यांचं स्वतःचं औषध कधी बाजारात आलंच नाही. १९८७ मध्ये ह्या जातीचं पहिलं औषध, म्हणजे पहिलं स्टॅटिन, बाजारात आणलं ते अमेरिकी कंपनीनं. मधुमेहापुरतं बोलायचं तर २००४ सालच्या ‘कार्ड्‌स’ चाचणीचं नाव घ्यावं लागतं. तिच्यात २,८३८ मधुमेही होते, कुणालाच आधी हृदयविकार झालेला नव्हता आणि कोलेस्टेरॉलही फार वाढलेलं नव्हतं. ॲटोर्व्हास्टॅटिनची दहाची गोळी घेणाऱ्यांत हृदयाचे झटके, पक्षाघात वगैरे ३७ टक्क्यांनी कमी झाले. फायदा इतका उघड होता की चाचणी दोन वर्षं आधीच थांबवली. त्यानंतर आमच्याकडे स्टोरव्हास, ॲटोर्व्हा ह्यांचे खोके कधी संपू दिले नाहीत.

ह्या ओळीवर सगळ्यात जास्त राग निघतो. ‘रिपोर्ट नॉर्मल आलाय, मग कशाला?’ गोळी चालू आहे म्हणून नॉर्मल आलाय, हे सांगितलं की काहीजण हसून पैसे देतात. आता मोबाइलवर फिरणारे निरोपही असतात: ह्या गोळीनंच साखर वाढते. ते पूर्ण खोटं नाही. स्टॅटिननं साखर किंचित वाढते, अमेरिकेनं २०१२ पासून तसं पाकिटावर छापायलाही लावलं. पण एका बाजूला साखरेचे काही आकडे आणि दुसऱ्या बाजूला झटका, अशा तराजूत कुणी एकच पारडं दाखवून निघून गेलं तर ग्राहकानं काय करावं?

हे सगळं एकत्र बांधून पाहिलं ते डेन्मार्कच्या स्टेनो हॉस्पिटलनं. माणसं फक्त १६०. मोठमोठ्या अभ्यासांच्या पुढं ही संख्या म्हणजे आमच्या दुकानातली एका दिवसाची गर्दी. सगळे टाइप दोनचे मधुमेही, लघवीत थोडी प्रथिनं जाऊ लागलेले. ऐंशी जणांना तेव्हाचे नेहमीचे उपचार. उरलेल्या ऐंशींच्या मागं डॉक्टर, नर्स, आहारतज्ज्ञ हात धुऊन लागले. साखर, ब्लडप्रेशर, कोलेस्टेरॉल, ॲस्पिरिन, चालणं, खाणं, सिगारेट, सगळं एकदम, वर्षानुवर्षं. साखरेचं ठरवलेलं उद्दिष्ट त्यातल्या बहुतेकांना गाठता आलं नाही. जमलं ते जास्त करून कोलेस्टेरॉल आणि प्रेशरमध्ये. तरी आठेक वर्षांनी, २००३ मध्ये, त्यांच्यात हृदय-रक्तवाहिन्यांचे प्रसंग निम्म्याहून कमी होते. तेरा वर्षांनी मोजलं तेव्हा नेहमीच्या गटातले चाळीस गेले होते, ह्या गटातले चोवीस. एकवीस वर्षांनी हिशेब मांडला तेव्हा आयुष्य जवळजवळ आठ वर्षांनी वाढलेलं निघालं. ह्या अभ्यासात एकही नवं औषध नव्हतं, सगळी आमच्या फळीवरचीच.

नुसत्या साखरेच्या मागं लागलं की काय होतं, तेही २००८ मध्ये कळलं. अमेरिका-कॅनडातल्या दहा हजारांवर मधुमेह्यांच्या ‘ॲकॉर्ड’ चाचणीत एका गटाचा तीन महिन्यांची सरासरी दाखवणारा साखरेचा आकडा सहा टक्क्यांच्या खाली नेण्याचा आग्रह धरला. त्या गटात २५७ मृत्यू झाले, दुसऱ्यात २०३. तो भाग तिथंच बंद केला. त्याच सुमाराला रोसिग्लिटाझोन नावाच्या, साखर छान उतरवणाऱ्या गोळीनं हृदयाचे झटके वाढतात असा हिशेब एका अमेरिकी हृदयतज्ज्ञानं मांडला होता. २०१० मध्ये आपल्याकडेही तिच्यावर बंदी आली. आम्ही पट्ट्या मोजून स्टॉकिस्टकडे परत पाठवल्या आणि नेहमीच्या गिऱ्हाइकांना डॉक्टरांकडे पिटाळलं. ‘साखर तर मस्त होती हो,’ असं म्हणत ते गेले.

आपल्या लोकांची एक निराळी भानगड आहे आणि ती पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमधल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी जगाला दाखवली. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचा आणि जॉन युडकिन या इंग्रज डॉक्टरांचा शेजारी शेजारी उभा असलेला फोटो छापून आला. दोघांचा उंची-वजनाचा निर्देशांक अगदी एकच, २२.३. युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२. सडपातळ दिसणारा आपला माणूस आतून जाडा असतो. ‘मी कुठं जाड आहे?’ हा आमच्या काउंटरवरचा ठरलेला प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर पुण्यात मिळालेलं आहे.

चिठ्ठीतून एक ओळ गेलीही. मधुमेह म्हटला की ईकोस्प्रिन, म्हणजे रक्त पातळ ठेवणारी ॲस्पिरिन, असा शिरस्ता पुष्कळ वर्षं होता. २०१८ मध्ये पंधरा हजारांवर मधुमेह्यांच्या ब्रिटिश चाचणीत ॲस्पिरिननं झटके वगैरे १२ टक्क्यांनी कमी झाले, पण मोठे रक्तस्राव २९ टक्क्यांनी वाढले. ज्यांना आधी हृदयविकार झालेला नाही त्यांच्या चिठ्ठीतून ती हळूहळू गळते आहे. झालेला असेल तर मात्र राहते. काही पेशंट सवयीनं मागतातच. शेजारच्याला झटका आल्यापासून स्वतःच सुरू केलेलेही असतात.

आणि एक ओळ कधी आलीच नाही. हा सगळा पट्टा तंबाखूचा, निपाणी इथून फार लांब नाही. पुरुषांच्या खिशात चुन्याची डबी, बायकांच्या फळीवर मशेरी. मधुमेह, प्रेशर आणि तंबाखू असं तिन्ही घेऊन येणारा माणूस साडेआठशेचं बिल देताना कुरकुर करतो आणि बाहेर पायरीवर उभा राहून मळायला लागतो. तंबाखू सोडा हे डॉक्टर तोंडी सांगतात, चिठ्ठीवर लिहीत नाहीत. मी लिहिलं असतं, वरच्या ओळीला.

रोसिग्लिटाझोनच्या प्रकरणानंतर अमेरिकेनं २००८ मध्ये नियम केला: मधुमेहाचं नवं औषध हृदयाला अपाय करत नाही हे दाखवा. कंपन्यांनी कुरबुर केली, पण चाचण्या केल्या आणि त्यातून अनपेक्षित काही हाती आलं. सफरचंदाच्या झाडाच्या सालीत सापडलेल्या फ्लोरिझिन नावाच्या द्रव्यानं लघवीवाटे साखर जाते, हे एकोणिसाव्या शतकातच माहीत होतं. त्याच जातीचं एम्पाग्लिफ्लोझिन २०१५ मध्ये सात हजारांवर हृदयविकार असलेल्या मधुमेह्यांवर तपासलं, तेव्हा हृदयविकारानं होणारे मृत्यू ३८ टक्क्यांनी कमी झाले. लघवीत साखर दिसली की मामंजींच्या पेशंटची छाती धडधडायची. आता ती मुद्दाम लघवीत सोडायची गोळी निघाली.

ही गोळी महाग होती, आमच्याकडे मोजकीच जायची. मार्च २०२५ मध्ये तिचं पेटंट संपलं आणि आठवड्याभरात इतक्या कंपन्यांचे एमआर पिशव्या घेऊन आले की फळी कमी पडली. किंमत कितीतरी पटींनी खाली आली. आता नवा युक्तिवाद ऐकू येतो: ही एकच साखरेचीही आहे आणि हृदयाचीही, मग बाकीच्या कशाला? म्हणणारा हुशार आहे, त्याचं निम्मं बरोबरही आहे. पण त्या २०१५ च्या चाचणीतले तीन-चतुर्थांशाहून अधिक लोक स्टॅटिन घेत होते आणि ब्लडप्रेशरचं औषध तर जवळजवळ सगळेच. नव्या गोळीचा फायदा मोजला गेला तो ह्या जुन्या गोळ्या पोटात असताना.